आटवलेले पाणी

सकाळचे ऊन सोप्यात उतरले की कृष्णात अण्णा नातीला मांडीवर घेत आणि तिची नखे पाहत. तंत्रनिकेतनातून पदविका घेतल्यापासून निवृत्तीपर्यंत त्यांनी शिरोलीच्या एका फौंड्रीत काम केले होते. वितळलेल्या लोखंडाच्या रंगावरून त्याचा ताव सांगणे हा त्यांच्या कामाचा भाग होता, आणि रंगाच्या बाबतीत आपले डोळे फसत नाहीत याची त्यांना खात्री होती. त्या सकाळी मात्र ते एकदा तरी फसावेत, असे त्यांना मनापासून वाटले.

श्रुतीची नखे पुन्हा काळवंडली होती. निळी म्हणावीत तर निळी नव्हेत, जांभळीही नव्हेत. पाटीवरचे अक्षर ओल्या बोटाने पुसल्यावर जो राखी डाग मागे राहतो, तसा रंग दहाही नखांवर उतरला होता. ओठांभोवती त्याच रंगाची कड दिसत होती. मूल रडत नव्हते. ते रडत नाही, याचीच अण्णांना अधिक भीती वाटली.

"ऋतुराज," त्यांनी मुलाला हाक मारली. आवाज शक्य तितका सरळ ठेवला. "वाईच हिकडं ये."

ऋतुराज दाढी अर्धवट सोडून बाहेर आला. त्याने लेकीचा हात हातात घेतला आणि साबणाचा फेस गालावर तसाच वाळत राहिला.

"परत?" तो म्हणाला.

"गाडीचं बघ. लगीच निघा."

हे तिसऱ्यांदा घडत होते. श्रुतीचा जन्म चंदगडला, तिच्या आईच्या, पूर्णिमाच्या माहेरी झाला. रीतीप्रमाणे तिसऱ्या महिन्यात बाळ-बाळंतीण उंबरमाळला आली. पन्हाळ्याच्या वाटेवर, डोंगराच्या उतारावर वसलेली ही साठ-सत्तर घरांची वाडी. आली तेव्हा पोर गुलाबी होती. हसली की गालाला खळी पडे. आठवडा उलटला नाही तोच तिच्या ओठांवर सावट आले. कोल्हापूरच्या एका दवाखान्यात हृदयाला छिद्र असल्याचा संशय घेतला गेला. तपासणी झाली, हृदय ठणठणीत निघाले. ऑक्सिजन लावूनही रंग लवकर का येत नाही, याचे डॉक्टरांना नवल वाटले. पण काही दिवसांत तो आपोआप आला आणि पोर घरी आली. मग पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेला फुप्फुसांवर संशय गेला. फुप्फुसेही स्वच्छ निघाली. दवाखान्यात ती सुधारत होती आणि घरी आली की काळवंडत होती.

म्हणजे दोष घरात होता. हा विचार एकदा मनात शिरल्यापासून अण्णांना स्वतःचे घर परके वाटू लागले होते. भिंतीचा ताजा रंग, डासांची उदबत्ती, गोठ्यातला वास, पाळण्याची दोरी, प्रत्येक वस्तूकडे ते संशयाने पाहत. पूर्णिमा तर रात्रंदिवस मुलीच्या छातीवर हात ठेवून असे. काल तिने कुणाला दोष न देता, अगदी हळू आवाजात म्हटले होते, "मला चंदगडला सोडा, अण्णा. तिथं ती बरी होती."

आक्काताईंनी, अण्णांच्या पत्नीने, दृष्ट काढली होती. मीठ-मोहरी चुलीत टाकली होती. तरीही त्यांचा खरा विश्वास होता तो पाण्यावर. वाडीतल्या बाळंतिणींचे खाणेपिणे त्यांच्याच सल्ल्याने चाले. इकडे येताच आलेल्या तापात पूर्णिमाचे दूध आटले आणि पोर डब्याच्या दुधावर आली, तेव्हापासून आक्काताईंनी दूध कालवायचे पाणी दुसऱ्या कुणाच्या हाती दिले नव्हते. पहाटे कल्हई केलेले पितळी पातेले चुलीवर चढे. पाणी निम्मे होईपर्यंत आटवायचे, पांढऱ्या फडक्यातून गाळायचे, झाकून निववायचे. असे पाणी बाळाच्या पोटाला हलके पडते, हे त्यांच्या आईने त्यांना शिकवले होते. पोर दुसऱ्यांदा आजारी पडल्यावर त्यांनी काळजी आणखी वाढवली.

"निम्मं न्हाई, आता पाव उरंपतूर आटवतो मी," त्या म्हणत. "काय जीवजंतू ऱ्हायला असंल तर जळून जाऊ दे मुडद्याचा."

ऋतुराज गाडी आणायला गेला. अण्णा नातीला पूर्णिमाच्या हाती देऊन सोप्यातच बसून राहिले. फौंड्रीत ओतकामात फुगे धरू लागले की ते एक रीत पाळत. काय बदलले आणि काय बदलले नाही, याची मनाशी मांडणी करायची. मग एका वेळी एकच गोष्ट पारखायची. दवाखान्यात आणि घरात काय वेगळे होते? दुधाचा डबा तोच. बाटली तीच. आई तीच. हवा घरची अधिक स्वच्छ. दवाखान्याच्या खिडकीतून तर रस्त्याचा धूर येत होता. उरले पाणी. दवाखान्यात विकतच्या बाटलीतले पाणी वापरले जाई.

पाण्याचा विचार त्यांनी याआधीच करून सोडून दिला होता, कारण घरात सर्वांत अधिक काळजी घेतली जात होती ती पाण्याचीच. वाडीची स्वतःची बोअर होती, टाकी होती. टाकीत रोज जंतुनाशक टीसीएल पावडर पडे. पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी होई आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हिरवे कार्ड लटकत असे. पाण्याचा स्रोत सुरक्षित असल्याची ती सरकारी खूण. अण्णा पाणीपुरवठा समितीचे सदस्य होते आणि त्या कार्डाचा त्यांना अभिमान होता.

हे सारे खरे होते. तरी रीत म्हणजे रीत. त्यांनी क्रांतीला फोन केला.

क्रांती वाडीची आशा सेविका होती. पाणी तपासायचे प्रशिक्षण मिळालेल्या बायकांपैकी ती एक, आणि तपासणीची निळी पेटी तिच्याकडे असे. ती धापा टाकतच आली.

"काय झालं, अण्णा? फोनवर तुमचा आवाज कसातरीच आला." मग तिचे लक्ष पूर्णिमाच्या मांडीवरच्या मुलाकडे गेले आणि तिने चप्पल दारातच सोडली. "अगंबाई. परत?"

"गाडी येतीया. तंवर पाणी बघूया. नळाचं एक, आणि घरात आटवून ठेवलंय त्ये एक. पेटीत जेवढं हाय तेवढं समदं तपास."

"पाणी आपलं चांगलं हाय हो. गेल्या म्हैन्यात तर बोअरची तपासणी केली मी."

"कुठल्या बोअरची?"

"पंचायतीच्या. दुसरी कुठली हाय?"

अण्णांना टाकीची नवी जोडणी आठवली. पंचायतीच्या बोअरचे पाणी यंदा चैत्रातच टाकीला पुरेनासे झाले होते. संग्रामने, वाडीतल्या तरुण बागायतदाराने, स्वतःच्या शेतातल्या बोअरचे पाणी टाकीला जोडून दिले होते. नारळ फुटला, संग्रामला फेटा बांधला गेला, टाळ्या वाजल्या. त्यांत अण्णांच्याही होत्या. उन्हाळ्यापुरती सोय, तिची नोंद कशाला, असे सर्वांनीच धरून चालले. आणि नेमाने, प्रामाणिकपणे तपासणी होत राहिली ती कोरड्या पडत चाललेल्या त्या जुन्या बोअरची.

क्रांतीने सोप्याच्या कट्ट्यावर पेटी उघडली. क्लोरीनची तपासणी केली. पाणी हवे तसे पिवळे झाले. जंतूंसाठीची बाटली भरून बाजूला ठेवली. "हिचा रंग उद्या कळंल," ती म्हणाली. मग तळाशी हात घालून तिने एक न फोडलेले पाकीट काढले.

"ह्ये नायट्रेटचं. ह्या पुड्या कोण मागतच न्हाय. समद्यास्नी जंतूच पायजेत."

तिने एका नळीत नळाचे आणि दुसरीत आटवलेले पाणी घेतले, दोन्हींत भुकटी टाकली, हलवली आणि कट्ट्यावर उभी केली. शेजारी रंगांचा तक्ता ठेवला. फिकट गुलाबीपासून गडद गुलाबीपर्यंत चौकोन होते आणि मधल्या एका चौकोनाखाली पंचेचाळीसचा आकडा होता. त्यापुढचे पाणी पिण्याचे नव्हे.

पहिल्या नळीत गुलाबी रंग धरू लागला. इतके दिवस नातीच्या नखांवर ते हाच रंग शोधत होते. तो नळीत चढत गेला, पंचेचाळीसच्या चौकोनापुढे गेला, शेवटच्या चौकोनाशी येऊन मिळाला. मग त्यांनी दुसऱ्या नळीकडे पाहिले. आटवलेल्या पाण्याची नळी किरमिजी झाली होती. तक्त्यावर तसा चौकोनच नव्हता.

"ट्रेनिंगला बाई म्हणाल्या हुत्या..." क्रांतीचा आवाज बारीक झाला. "बाटलीवरच्या बाळाला ह्ये लई वाईट. श्वास चालतोय, पण रक्त प्राणवायू धरत न्हाय. पोर निळं पडतंय म्हणाल्या. अण्णा, उकळून ह्ये जात न्हाय."

आतून खळखळ असा आवाज आला. आक्काताई दुधाची बाटली हलवत होत्या. गाडीत पोर भुकेजायला नको, म्हणून त्यांनी पूर्णिमाला स्वयंपाकघरात बोलावून घेतले होते.

अण्णांच्या गुडघ्यांनी कित्येक वर्षांत अशी घाई केली नव्हती. ते आत पोचले तेव्हा बाटलीचे निपल श्रुतीच्या ओठांना लागले होते. त्यांनी बाटली हिसकली. ती फरशीवर आपटली, झाकण सुटले आणि दूध चुलीपर्यंत पसरत गेले.

"अवो, याड लागलं काय तुमास्नी?" आक्काताई ओरडल्या. "भुकेली हाय ती!"

"ह्या घरातलं पाणी द्यायचं न्हाय तिला. एक थेंब बी न्हाय."

"मी उकळलेलं हाय की!"

पूर्णिमाने पोर छातीशी आवळून धरली होती आणि ती एकदा सासऱ्याकडे, एकदा सासूकडे पाहत होती. बाहेर गाडीचा भोंगा वाजला.

अण्णांनी किरमिजी नळीला बूच लावले, ती ऋतुराजच्या खिशात घातली आणि त्याचा दंड धरला. "दारात पाय ठेवल्या ठेवल्या एकच शब्द सांगायचा. नायट्रेट. हृदय म्हणतील, छाती म्हणतील, आदी हा शब्द सांगायचा. म्हण बघू."

"नायट्रेट."

"वाटंत बाटलीबंद पाणी घ्या. दूध त्यातच कालवायचं."

गाडी उताराने खाली गेली. वळणावर दिसेनाशी झाल्यावरही अण्णा तिकडेच पाहत उभे होते. पोर श्वास घेत होती, आणि तरीही आतल्या आत गुदमरत होती. या गोष्टीपुढे त्यांना काही करता येण्यासारखे नव्हते. जे करता येण्यासारखे होते, ते टाकीवर होते.

टाकीखाली बायकांच्या घागरी रांगेत होत्या. अण्णांनी मुख्य व्हॉल्व्ह फिरवून बंद केला. धार बारीक झाली आणि तुटली.

"का वं अण्णा? आमची घागर तरी भरू द्यायची हुती!"

"पाण्यात खोट हाय. पिऊ नका. पन्हाळ्याला फोन करून टँकर मागवतो."

"आमी तर चांगलं धडधाकट हाय की. रोज पितोय."

"मोठ्यास्नी लगीच काय दिसत न्हाय," क्रांती पुढे झाली. "तान्ह्यांचं वायलं असतंय. बाटलीवरचं पोर कुणाकडं हाय?" मग तिने स्वतःच हिशेब केला. "न्हाय. अण्णांची नात तेवढी. पिराजी मामांच्या तेजस्वीचं बाळ अंगावरच पितंय. वरचं पाणी चमचाभर बी द्यायचं न्हाय म्हणून मीच बजावलंय तिला. तिकडं भ्या न्हाय."

"व्हॉल्व्हला कायतरी खूण पायजे," अण्णा म्हणाले. "न्हाईतर कुणीतरी फिरवंल."

"लाल कार्ड लावायचं तर पाहणी व्हाय पायजे, वरनं सही पायजे."

"तंवर?"

क्रांतीने पेटीवर टाकलेले लाल फडके काढले आणि व्हॉल्व्हच्या चाकाला घट्ट बांधले. ती दोघे टाकीच्या चढावरून खाली उतरले तोपर्यंत एका म्हातारीने वाकून त्या फडक्याला नमस्कारही केला होता.

"आजी, देव न्हाय त्यो!" क्रांती मागे वळून ओरडली. "हात लावू नका म्हणून बांधलंय!"

संग्रामचे शेत ओढ्याच्या अंगाला होते. दोन एकरांत ढबू मिरची होती, सगळी ठिबकवर. बोअरच्या तोंडाशी संग्राम पाण्यात विरघळणाऱ्या खताची पोती फोडत होता. शेजारी निळा पिंप होता. त्यात दुधासारखे पांढुरके द्रावण होते, आणि पिंपातून एक नळी निघून बोअरच्या पाइपाला, टाकीकडे जाणाऱ्या फाट्याच्या पुढे, जोडली होती. मोटर चालू होती.

"या अण्णा!" संग्राम हात झटकत उठला. "मिरची बघाय आला व्हय? औंदा नादच न्हाय करायचा."

"ह्या पिंपात काय हाय?"

"कॅल्शियम नायट्रेट. मोटर वडती, पाण्याबरुबर सरळ मुळाशी जातंय. का?"

तो शब्द ऐकून क्रांतीने अण्णांकडे पाहिले. अण्णा खाली बसून पाइप बोटाने चाचपत होते. मोटरीच्या पाइपाला जिथे उलट पाणी रोखणारा व्हॉल्व्ह असायला हवा, तिथे साधा तुकडा जोडलेला होता.

"हितला एनआरव्ही कुठं हाय?"

"त्यो अडकायचा हो. पाणी दमानं यायचं. काढून टाकला गेल्या साली."

"आणि लाईट गेली की?"

"लाईट गेली की मोटर बंद. दुसरं काय?"

"दिवसातनं किती खेपा जाती?"

"त्येचा काय नेम हाय काय? येती, जाती." संग्रामच्या आवाजातले हसू कमी झाले. "काय झालंय ते सरळ सांगा की, अण्णा."

अण्णांनी नळाचे पाणी, नळीतला रंग, श्रुतीची नखे, सगळे क्रमाने सांगितले. संग्रामने मान हलवली.

"न्हाय पटत. आमी बी त्येच पितोय. बैलागत हाय मी. आणि पाणी फुकट दिलं, फेटा बांधून घेतला, आता माझंच इख व्हय? बोअर तीनशे फूट खोल हाय. वरचं खत खाली कसं जाईल? पिंपातलं पाणी रानात जातंय, बोअरमदी न्हाय."

अण्णांनी वाद घातला नाही. त्यांना ते सिद्ध करून दाखवायचे होते, आणि त्याच वेळी ते खोटे ठरावे असेही वाटत होते. ते चालत स्टार्टरच्या पेटीपाशी गेले आणि त्यांनी लाल बटण दाबले.

मोटरीची घरघर थांबली. मिरचीच्या रांगांत अचानक इतकी शांतता पसरली की ठिबकच्या नळ्यांतून हवा सुटल्याचा आवाजही ऐकू आला. क्षणभर काही घडले नाही. मग बोअरच्या पाइपात वर चढलेले पाणी आपल्या वजनाने खाली घसरू लागले, आणि आपल्यामागे त्याने ओढ लावली. पिंपातल्या पांढऱ्या द्रावणावर आधी एक खळगा पडला. खळग्याचा भोवरा झाला. नळीतून सुर्रर्र असा लांब आवाज येऊ लागला. थंड पेय संपत आल्यावर लहान मूल नळीने ओढते तसा. पिंपातली पातळी त्यांच्या डोळ्यांदेखत उतरत होती, आणि रानात एक थेंबही पडत नव्हता.

"ह्ये कुठं चाललंय?" क्रांतीने विचारले.

संग्राम झेपावला आणि त्याने हाताने नळी उपसून बाहेर काढली. तो चिखलात तसाच बसला, नळीचे टोक मुठीत धरून.

"रोज," तो म्हणाला. "रोज दोन-चारदा तरी जाती लाईट." मग एकदम त्याने मान वर केली. "पोरगी कशी हाय, अण्णा?"

"ठावं न्हाय अजून."

संग्राम उठला, त्याने टाकीकडे जाणाऱ्या पाइपाचा जोड पान्याने सोडवला आणि पाइप बाजूला ओढून टाकला. त्याला कुणी सांगावे लागले नाही.

फोन आला तेव्हा अण्णा परतीच्या वाटेवर होते. फोनवर ऋतुराजचे नाव पाहूनही त्यांना तो लगेच उचलवेना.

"अण्णा." पोराचा आवाज घोगरा होता. "रक्त काढलं. चॉकलेटगत हुतं. लाल न्हवतंच. डॉक्टर नळी बघून पळतच आत गेले."

"मग?"

"एक निळं औषध दिलं शिरेतनं. निळंच, शाईगत. मला वाटलं आता काय... पण अण्णा, ओठ लाल व्हाय लागलेत. बघता बघता. रडाय लागली हाय ती. ऐका." फोनमधून एक चिरका, संतापलेला आवाज आला. अण्णा वाटेवरच्या दगडावर बसले. "आज-उद्या ठेवून घेणार. पण त्येच पाणी पुन्हा पोटात गेलं तर सांगता येत न्हाय म्हणाले."

"पूर्णिमाला सांग, पाण्याचं सापडलं."

घरी आले तेव्हा स्वयंपाकघराच्या फरशीवर दूध वाळून त्याचा पांढरा नकाशा झाला होता. आक्काताईंनी ते पुसले नव्हते. त्या चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांच्यासमोर पितळी पातेले होते आणि त्यात सकाळचे उरलेले पाणी. फोनवरचे सगळे अण्णांनी त्यांना सांगितले. नात रडते आहे हे ऐकून त्यांनी पदर तोंडाला लावला. मग त्यांनी विचारले:

"नळाचं पाणी वाईट हुतं. ठीक हाय. पण मी तर आटवत हुतो. आटवून बी ऱ्हायलं व्हय त्ये?"

अण्णांना या प्रश्नाचीच भीती होती. शेतावरून येताना ते याचाच विचार करत होते. ऱ्हायलं, एवढेच म्हटले असते तर भागले असते. ते खोटेही नव्हते. पोर वाचली होती, पाणी बंद झाले होते, या बाईने चुलीच्या धुरात डोळे लाल करून जे केले ते मायेने केले होते. उरलेले अर्धे सत्य त्यांनी स्वतःपाशी ठेवले असते, तर कुणाचे काय बिघडले असते? पण उद्या श्रुती परत येईल. पातेले पुन्हा चुलीवर चढेल. कधी हे पाणी, कधी दुसरे. नुसत्या नळाला फडके बांधून भागणार नव्हते.

"अगं," ते तिच्याजवळ खाली बसले. "आमटी चुलीवर विसरली तर काय हुतंय?"

"आटती."

"आणि मीठ?"

आक्काताईंनी पातेल्याकडे पाहिले. स्वयंपाकघरात आयुष्य गेलेल्या बाईला याहून अधिक काही सांगायची गरज नव्हती. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. अण्णांना सकाळची ती नळी आठवली.

"पाणी उडून जातंय," त्या म्हणाल्या. "मीठ ऱ्हातंय."

"तुला ठावं न्हवतं. मला बी न्हवतं."

"निम्मं केलं तवा दुप्पट. पाव केलं तवा..." श्रुती बरी होऊन येई, पुन्हा काळवंडे, आणि त्या अधिक आटवत. अण्णांनी त्यांचा हात धरला. अचानक आक्काताईंनी तो सोडवून घेतला आणि त्या उभ्या राहिल्या.

"तेजस्वी," त्या म्हणाल्या.

"तिचं पोर अंगावर पितंय. क्रांती म्हणाली."

"क्रांतीला काय ठावं! तीच न्हाय का, वरचं पाणी देऊ नगं म्हणती? म्हणून तर तिच्या चोरून सांगितलं मी. उन्हाळ्याचं पोराचा जीव कोरडा पडतोय, माझ्यागत आटवून बाटलीनं पाजत जा म्हटलं. कवाधरनं पाजती ती. रोज पाजती. अवो, चला!"

पिराजीचे घर वाडीच्या वरच्या टोकाला होते. आक्काताई अनवाणीच निघाल्या. चढावर त्यांना दम लागत होता, तरी त्या थांबत नव्हत्या. अण्णा फोनवर क्रांतीला बोलावत त्यांच्या मागे चालत होते.

पिराजी अंगणात दोर वळत बसला होता. "या, या! आज जोडीनं? काय पोरगं बघाय आला व्हय? बसा की, चा टाकाय सांगतो."

"बाळ कुठं हाय?" आक्काताई उंबऱ्यातूनच म्हणाल्या.

"आत हाय. झोपलंय. लई गुणाचं हाय बगा, रडतच न्हाय."

हे ऐकताच अण्णा चपला न काढताच आत शिरले.

आत अंधार होता. तेजस्वी भिंतीला टेकून बसली होती; बाळ तिच्या मांडीवर होते आणि शेजारी बाटली. बाटली निम्मी रिकामी होती. आक्काताईंनी बाळ उचलले आणि दारात, उजेडात आणले. महिन्याचे मूल. मुठी घट्ट मिटलेल्या. आक्काताईंनी एकेक बोट उलगडले आणि तो हात अण्णांपुढे धरला.

"तुमी बघा," त्या म्हणाल्या. "तुमास्नी रंग कळतोय."

अण्णांनी तो इवलासा हात उन्हात धरला. नखे फिकट होती. गुलाबी होती, असे त्यांना वाटले. अंगठ्याच्या नखाच्या मुळाशी एक बारीक छटा होती. ती सावली होती की दुसरे काही, हे त्यांना ठरवता येईना. त्यांनी बाळ उन्हात आणखी पुढे घेतले. छटा तिथेच होती. किंवा नव्हती.

"काय झालं, काकी?" तेजस्वी मागे येऊन उभी राहिली होती. "तुमी सांगितलं तसंच करतोय मी. एक दिवस चुकवलं न्हाय."

"पोराला घे," अण्णा म्हणाले. "क्रांती येतीया. आत्ताच्या आत्ता कोल्हापूरला जायाचं, रक्त दाखवायचं. काय नसंल बी. पण जायाचं. ह्यातलं आता एक थेंब द्यायचं न्हाय. नुसतं अंगावर पाज."

तेजस्वीने बाळ छातीशी घेतले. पिराजी हातातला दोर टाकून आत आला. संग्रामची गाडी मागवायला अण्णा पुन्हा फोन लावू लागले.

तेजस्वीच्या चुलीवर, टाकी बंद होण्याआधी भरलेल्या पाण्याचे पातेले खदखदत होते. आक्काताई तिकडे गेल्या, पदराच्या टोकाने त्याचे काठ धरले आणि ते उतरवून त्या परसदारी आल्या. ते पाणी ओतून टाकण्यासाठी त्यांनी पातेले कलते केले, पण ओतले नाही. परसात शेवग्याचे झाड होते, भांडी घासायचा दगड होता, आणि त्यापलीकडे उतार थेट ओढ्याकडे गेला होता. वाफ त्यांच्या तोंडावर येत होती. पातेल्याचा चटका पदरातून हाताला लागत असणार, पण त्यांनी ते खाली ठेवले नाही.

"अवो," त्यांनी मागे न वळता हाक मारली. "ह्ये कुठं वतू? जिमिनीतच जातंय की समदं."

अण्णा फोन कानाला लावून दारात उभे होते. पलीकडून संग्राम हॅलो, हॅलो म्हणत होता.